नदीच्या हातात तबक

मागच्या मे महिन्यात मी नातीच्या कार्यक्रमातून अर्ध्यावर उठून आले. नुसती उठून आले असते तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं, म्हाताऱ्या माणसांना मध्येच उठावं लागतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण मी दारात थांबले, मागं वळले आणि म्हणाले, "पोरींच्या हातातली ताटं आधी खाली ठेवा!" आणि हे म्हणताना माझा आवाज त्या माइकवाल्या मुलापेक्षा मोठा निघाला. मुलगा दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. सून चांगली आहे, तिनं हळूच विचारलं, "आई, सकाळी बीपीची गोळी घेतली होती ना?" घेतली होती गं बाई. हा राग गोळीनं उतरणारा असता तर केव्हाच उतरला असता.

आमच्या सोसायटीतल्या मुलांनी सुट्टीत गाण्यांचं नाटक बसवलं होतं. महिनाभर क्लबहाउसमध्ये तालमी. कुणाचे वडील हिंजवडीहून कॅबमधून उतरले की गळ्यातलं कंपनीचं कार्डही न काढता पुठ्ठ्याची झाडं कापायला बसायचे. कुणाची आई कानात ते मीटिंगचं यंत्र अडकवून फुलपाखरांच्या पंखांना टिकल्या लावायची. मला ते बघून इतकं बरं वाटायचं म्हणून सांगू! आणि कार्यक्रमाच्या दिवशी स्टेजच्या मागं हा एवढा फ्लेक्स. त्यावर मोठ्या माणसांचे चेहरे दाटीवाटीनं, पोरांचा एकही नाही. मग सत्कार सुरू झाले. स्पीकर देणाऱ्याचा, सरबत देणाऱ्याचा, जागा वापरू दिली म्हणून अध्यक्षांचा. जागा आमचीच की! माझी मिहिका फुलपाखरू झाली होती. पंख लावून, पुष्पगुच्छांचं ताट धरून ती तासभर निवेदकाशेजारी उभी. तिचा एक पंख निसटून खाली लोंबायला लागला, पण तिला तो सारखा करता येईना, कारण हात मोकळे नव्हते. तिचे ते हात मी बघितले आणि माझे दंड दुखायला लागले. खरोखर दुखायला लागले. नंतर ती मला म्हणते, "आजी, तू का ओरडलीस? मला तर मज्जा येत होती." तेव्हा तिला काही सांगता आलं नाही. म्हणून इथं सांगते.

मी बारा-तेरा वर्षांची असेन. थेरगाव तेव्हा गाव होतं. आता डांगे चौक ओलांडायचा म्हणजे मी सुनेचा हात धरते आणि डोळे मिटते, तेव्हा तिथं आमची ज्वारी असायची असं सांगितलं तर मिहिका हसते. आमचं घर एकत्र. पुढं अंगण, बाजूला म्हशींचा गोठा, आणि मागच्या वावरात अण्णांनी कंपनीतल्या लोकांसाठी बांधलेल्या पत्र्याच्या भाड्याच्या खोल्या. अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. घरात आणि गावात त्यांचा शब्द शेवटचा. माझे वडील धाकटे, कंपनीत कामाला, शिफ्टवरनं येऊन जेवणार आणि झोपणार, भावापुढं कधी मान वर करणार नाहीत. कंपनीचा भोंगा वाजला की घरात काय काय हलायचं! पहिल्या भोंग्याला चूल पेटायची, दुपारच्या भोंग्याला डबे भरायचे, आणि म्हशीसुद्धा त्या आवाजाला कान टवकारायच्या, कारण त्यानंतर थोड्या वेळानं पेंड मिळते हे त्यांनाही कळून चुकलं होतं.

माझ्या आईला घरात सगळे "धाकली" म्हणायचे. धाकली, पाणी आण. धाकली, धार काढ. अण्णा तर तेवढंही म्हणायचे नाहीत. थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी बोलायचं नाही, तिचं नाव तर तोंडातूनही काढायचं नाही, आणि तिनं त्यांच्यासमोर पदर खाली येऊ द्यायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. मग निरोप कुणी न्यायचे? आम्ही पोरांनी. आई दोन हातांवर बसलेली असायची आणि अण्णा मला म्हणायचे, "शके, घरात सांग, च्या पायजे." घरात म्हणजे आईला. मी दोन पावलं जाऊन सांगायची, "आई, अण्णांना चहा पायजे." आई म्हणायची, "सांग, ठिवलाय." मी परत दोन पावलं. तेव्हा मला त्यात गंमत वाटायची. दोघांच्या मधला टेलिफोन मीच!

त्या उन्हाळ्यात नाटकाचं खूळ आणलं पेटीकाकांनी. मागच्या शेवटच्या खोलीत राहायचे. कोकणातले, एकटे, कंपनीत रंगकामाच्या खात्यात. त्यांच्या नखांच्या कडा कधी पिवळ्या, कधी निळ्या असायच्या, त्यावरून कंपनीत आज कुठल्या रंगाच्या गाड्या निघाल्या ते आम्ही ओळखायचो. खोलीत ट्रंक, स्टोव्ह आणि एक पेटी, म्हणून पेटीकाका. संध्याकाळी ते वाजवायला बसले की आम्ही पोरं दारात. एके दिवशी म्हणाले, "नुसतीच ऐकतास काय रे? नाटक करूया. गाण्यांचा." झालं! त्यांची पाळी फिरेल तशी आमची तालीम फिरायची. त्यांना फर्स्ट शिफ्ट असली की आमची तालीम संध्याकाळी, सेकंड असली की सकाळी, आणि थर्ड असली की दुपारी ते झोपून उठल्यावर, पत्रा तापून नुसती भट्टी झालेली असताना. आम्हाला वार कळायचे नाहीत, पेटीकाकांची शिफ्ट कळायची.

नाटकाचं नाव "नदीचं लगीन". नदी सासरी निघाली आहे, समुद्राकडे. वाटेत डोंगर अडवतो, बाभळी अडवतात, बेडकं अडवतात. जो तो म्हणतो, आधी माझा मान दे, मग पुढं जा. आणि ती गाणं म्हणत सगळ्यांतून वाट काढते. नदी मी. डोंगर आमचा बबन, अण्णांचा मुलगा, पोत्याचं बारदान पांघरून. बेडकं बाकीची सगळी. मी पहिल्याच तालमीला चुकले आणि रडायला लागले, तर पेटीकाका म्हणाले, "अगो शकू, रडतंस कित्याक? सूर पडलो तर उचलूचो. तो काय काचेचो हा, फुटतलो?" ते वाक्य मी पुढं संसारात कितीदा स्वतःला म्हटलं असेल!

चाली पेटीकाकांकडं होत्या, पण शब्द अडले. त्यांचे शब्द कोकणातले, आमच्या पोरांच्या तोंडात बसेनात. शब्द दिले आईनं. त्या दिवसांत घरात कुरडयांचं काम चाललेलं. तीन दिवस भिजवलेला गहू वाटून त्याचा चीक काढायचा, मोठ्या पातेल्यात शिजवायचा. आई चुलीपुढं उकिडवी बसून तो घट्ट चीक लाकडी दांड्यानं घोटत असायची, घामानं चिंब, आणि घोटण्याच्या ठेक्यावर काहीतरी पुटपुटत असायची. आम्ही गरम चीक मिळावा म्हणून वाट्या घेऊन भोवती बसलेलो. वर कच्चं तेल, मीठ, तिखट. अहाहा! आताच्या मुलांना मी एकदा करून घातला तर म्हणतात, आजी, हे गोंदासारखं आहे. असो. मी आईला म्हटलं, नदीला गाणं पाहिजे. तिनं दांडा थांबवला नाही, वर बघितलं नाही, आणि म्हणाली,

"नदी निघाली सासरी, काठ धरतो पदर,
मागं वळून बघू दे, माझ्या आईचं शिवार."

मी वाटी तशीच टाकून पेटीकाकांकडं पळाले. त्यांनी ते दोनदा ऐकलं आणि विचारलं, "हा कोणी केला?" मी म्हटलं, आईनं. मग पेटी पुढं ओढून म्हणाले, "तिका विचार, आणखी आसत?" होत्या की! एकेक पातेलं शिजताना एकेक ओवी यायची. आई अंगणात कुरडया घालायची, आणि मी ओवी तोंडात धरून मागच्या खोलीकडे धावायची, सांडू नये म्हणून वाटेत कुणाशी बोलायचीसुद्धा नाही. शेवटच्या ओवीत समुद्र दिसतो आणि नदी थांबते. ती अशी:

"दगडाधोंड्यांत वाट, तिनं आपली काढली,
सांगा सयांनो कुणाची, लेक पाण्यात वाढली."

आई एकदाच म्हणाली, "शके, ते शेवटलं म्हनशील तवा म्या म्होरं बसनार हाय. मला बगून म्हन." लग्न होऊन आल्यापासून गोठा, चूल आणि नदीचा घाट एवढंच तिचं जग. म्होरं बसणार हाय, असं तिनं दुसरं कशाबद्दल म्हटलेलं मला आठवत नाही. माझ्यासाठी ते सगळं नाटक त्या एका ओवीसाठी होतं.

गावानं काय दिलं नाही! ते सांगितलंच पाहिजे, नाहीतर मी नुसती कुरकुर करते असं होईल. कंपनीत यंत्रं यायची त्या खोक्यांच्या फळ्या बैलगाडीतून आल्या, त्यांचं स्टेज झालं. त्या परदेशी लाकडाला असा वास होता की पोरं नाक लावून झोपायची त्यावर. सुतारानं खिळे ठोकले, पैशासाठी हातही पुढं केला नाही. शाळेच्या बाईंनी क्रेप कागद दिला. वाण्यानं कुरमुऱ्याचं पोतं कबूल केलं. कुणी घोंगड्या, कुणी पाण्याचे माठ, कुणी पन्ह्याला कैऱ्या. पडदा आईच्या दोन नऊवारी लुगड्यांचा, आणि नदीसाठी तिनं निळं लुगडं काढलं, माहेरहून आलेलं, एकदाही न नेसलेलं. तोवर सगळं गोड होतं. कुणी विचारलं नाही, मला काय मिळणार.

मग कर्णा आला. मंडपवाल्याचा मोठा पत्र्याचा भोंगा, आणि काठीवर बसवलेला त्याचा माइक. अण्णांनी तो आणवला आणि त्या क्षणी नाटक आमचं राहिलं नाही. आळीआळीतून अण्णा फिरले आणि प्रत्येकाला सांगत सुटले, "तुमचं नाव कर्ण्यावरनं पुकारणार. टावेल, टोपी, नारळ. सगळ्या गावाला ऐकू जाईल." ज्यांनी आधीच देऊन टाकलं होतं त्यांनाही मग वाटायला लागलं, आपलं नाव? एकाचं घ्यायचं म्हटलं की त्याच्या भावकीचं घ्यायला हवं, खालच्या आळीचं घेतलं की वरच्या आळीचं. ज्यानं काहीच दिलं नव्हतं तो म्हणायचा, मी आडकाठी केली नाही, हे काय कमी हाय? यादीचा कागद संपून कुरमुऱ्याच्या पिशवीच्या पाठीवर गेला. पेटीकाका अण्णांना म्हणाले, "अण्णानू, पोरांचा नाटक पाऊण तासाचा हा." अण्णा म्हणाले, "पेटीवाले, तुमी सूर सांभाळा. मान आमी सांभाळतो."

कार्यक्रम संध्याकाळी पाचला. पेटीकाका त्या दिवशी फर्स्ट शिफ्ट संपवून तसेच आले, आदल्या रात्रीही त्यांनी दुसऱ्याची पाळी केली होती, तालमीसाठी घेतलेल्या एका सुट्टीची फेड म्हणून. डोळे लालभडक. आई चार वाजल्यापासून पहिल्या रांगेत, घोंगडीच्या कडेला. तिनं डोक्याला तेल लावलं होतं. मी पडद्याच्या फटीतून बघितलं तर ती हात मांडीवर ठेवून बसलेली, रिकामे. तिचे हात रिकामे असलेले मला कसे दिसले म्हणून सांगू, परक्या बाईचे असावेत तसे.

आणि अण्णांनी मला हाक मारली. "शके, तू नटलीयास, तू तबक धर." म्हणून नदी बाहेर आली. निळं लुगडं, केसांत क्रेप कागदाच्या लाटा, आणि हातात पितळेचं तबक. त्यात हळदकुंकू, टॉवेल, टोप्या, वर नारळ. अण्णा एकेक नाव कर्ण्यात पुकारायचे, माणूस वर यायचा, टॉवेल खांद्यावर, टोपी डोक्यावर, नारळ हातात, टाळ्या. नारळ आणले होते अकरा आणि माणसं एवढी. मग अण्णांनी तोड काढली. माणूस मागच्या पायरीनं उतरला की तिथं डोंगर उभा, म्हणजे बारदान पांघरलेला बबन. त्यानं म्हणायचं, "नारळ द्या, परसादाला फोडायचा हाय," आणि तो पडद्यामागून परत माझ्या तबकात. एकेक नारळ पाच-पाच जणांचा मान झाला. बरेचसे मुकाट्यानं द्यायचे. खालच्या आळीचा एक म्हातारा मात्र नारळ छातीशी धरून बसला. "कशाला? कर्ण्यावर नाव घेतलंया माझं. नारळ माझा हाय." बबन म्हणाला, "आजोबा, द्या की, पुढच्याला कमी पडतोय." म्हातारा म्हणाला, "मग पुढच्याला माझा पुकारा द्या, अन् नारळ ऱ्हाऊ द्या!" लोक हसले. मीही हसले असेन तेव्हा. पण माझे दंड भरून आले होते, आणि पेटीकाका पेटीवर डोकं टेकून बसल्या जागी झोपले होते. बेडकांनी कुरमुरे खाऊन संपवले. एका बेडकाला लघवी लागली आणि त्याचे क्रेप कागदाचे हिरवे पाय विरघळले. गाणी ज्यांची, त्यांनी गप्प बसायचं, आणि ज्यांनी काही केलं नाही त्यांची नावं कर्ण्यात! वाण्याचं नाव तर दोनदा घेतलं, कारण पहिल्यांदा घेतलं तेव्हा तो बाहेर गेला होता.

ऊन कलायला लागलं आणि गोठ्यातून म्हशींचं हंबरणं सुरू झालं. आमच्याकडून चिंचवडच्या वसाहतीत दुधाचा रतीब जायचा, तो कधी चुकायचा नाही. अण्णांनी कर्ण्याच्या माइकवर हात ठेवला, माझ्याकडे वाकले आणि म्हणाले, "शके, घरात सांग, म्हशी वराडत्यात. धार काढायची कुनी?"

घरात सांग. आई समोर बसली होती, त्यांच्यापासून पाच पावलांवर. मी अण्णांकडे बघितलं. मला वाटलं, ते विसरले असतील, आज नाटक आहे. ते विसरले नव्हते. मी तबक घेऊनच पायरी उतरले, आणि आईपुढं जाऊन म्हणाले, "आई, धार काढायचीय." टेलिफोननं निरोप पोचवला. आई म्हणाली, "सुरू न्हाई झालं अजून?" मी म्हटलं, "होईल आता." ती उठली. लुगडं झटकलं, पदर पुढं ओढला, आणि तिच्याबरोबर ज्यांच्या घरी जनावरं होती त्या सगळ्या बाया उठल्या. मी बघत राहिले. तिला मी घालवलं होतं. अण्णांनी नाही, मी. तो निरोप मी न्यायला नको होता. मी तिथंच बसून राहिले असते, भोकाड पसरलं असतं, बहिरी झाले असते, काहीही केलं असतं. पण इतकी वर्षं निरोप नेण्याची पायांना सवय. पाय आपोआप गेले.

परत वर आले तेव्हा अण्णा कर्ण्यात म्हणत होते, "आता आपले पावणे, वरच्या आळीच्या पाटलांचे मेव्हणे..." मी तबकातला नारळ उचलला. तो कितव्यांदा परत आलेला होता देव जाणे, त्याची शेंडी गळून गेली होती. स्टेजच्या कडेला पायरीचा दगड होता, त्यावर मी तो सगळा जोर लावून आपटला. एका फटक्यात दोन भकलं. पाणी पाटलांच्या मेव्हण्यांच्या धोतरावर.

आता गंमत बघा. मी दुसरं काहीही फोडलं असतं तर मला तिथंच बडवलं असतं. पण नारळ! नारळ फुटला की काम सुरू झालं, त्यानंतर थांबवायचं नसतं, ही रीत अण्णांपेक्षा जुनी. लोकांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. त्या आवाजानं पेटीकाका दचकून जागे झाले, काय झालं ते त्यांनी एका नजरेत ओळखलं, आणि भात्यावर हात मारून सूर धरला. बबननं पडदा ओढला. अण्णा हातात टॉवेल घेऊन तसेच उभे, आणि त्यांच्या मागून बेडकं टुणटुण उड्या मारत आली. पाटलांच्या मेव्हण्यांनाही गप खाली बसावं लागलं.

मी पहिल्यापासून शेवटपर्यंत रागानं म्हटलं. डोंगराला असं दटावलं की बबन खरोखर मागं सरला. पेटीकाका मान हलवून खुणावत होते, हळू, हळू, पण माझ्यात हळू नव्हतंच. शेवटची ओवी आली. समोर घोंगडीवर आईची जागा मोकळी होती, तिथं एक कुत्रं येऊन बसलं होतं. आई म्हणाली होती, मला बगून म्हन. कुणाला बघून म्हणू? अण्णांनी कर्ण्याच्या माइकची काठी आमच्यासमोर तशीच ठेवलेली. मी तिच्याकडे तोंड केलं आणि म्हणाले,

"दगडाधोंड्यांत वाट, तिनं आपली काढली,
ऐका सयांनो, अनसूयेची लेक पाण्यात वाढली."

अनसूया. माझ्या आईचं नाव. गावातल्या निम्म्या लोकांना कळलंच नाही, अनसूया कोण. उरलेल्या निम्म्यांनी अण्णांकडे बघितलं.

अण्णांनी मला मारलं नाही. पडद्यामागं येऊन ते इतकंच म्हणाले, "धाकल्या भावजयीचं नाव मी कधी तोंडानं घेतलं न्हाई, अन् तू कर्ण्यावर घेतलंस? घराची अब्रू येशीवर टांगलीस." मी म्हटलं, "गाणी तिची होती. तिचं नाव यादीत का नव्हतं?" ते म्हणाले, "घरच्यांचा कसला सत्कार?" मी म्हटलं, "मग पेटीकाकांचं?" ते म्हणाले, "ते भाडेकरू हायेत." म्हणजे घरचा असला तरी नाही, बाहेरचा असला तरी नाही! मग ते पेटीकाकांकडे वळले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "पोरींस्नी हे शिकीवता व्हय? महिनाअखेरीला खोली मोकळी करा." काकांनी पेटीचा भाता मिटवला, कडी लावली. त्यांचं नखाएवढंही चुकलं नव्हतं. ते भोसरीकडे कुठंतरी गेले, नंतर त्यांचा पत्ता लागला नाही. त्या गावात पुन्हा पोरांचं नाटक झालं नाही. अण्णा म्हातारपणी मात्र पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे, "आमच्या शकीनं नारळ फोडून नाटक सुरू केलं व्हतं." मी त्या खोलीत असले तर उठून जायची.

त्या संध्याकाळी मी लुगडं खोचून गोठ्यात पळाले. आई शेवटच्या म्हशीखाली बसली होती, चरवी गुडघ्यांत धरून. मी आल्याचं तिला कळलं, पण धारेचा आवाज थांबला नाही. म्हणाली, "कर्ण्यातनं समदं ऐकू येत व्हतं हितं. एकूनएक नाव ऐकलं. त्या वाण्याचं दोनदा घेतलं न्हवं?" मी म्हटलं, हो. मग ती उठली, चरवी खाली ठेवली आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला. "माझं कशाला घेतलंस?" तिचा हात माझ्या पाठीवरून निघाला नाही, तिथंच राहिला, दुधानं ओला. मग ती हळूच म्हणाली, "शेवटलं परत म्हन. म्हशीनं लाथ झाडली अन् निम्मं ऐकू आलं न्हाई."

मी तोंड उघडलं आणि आवाज निघाला नाही. रागारागानं म्हणून घसा पार बसला होता. नुसती हवा. मी खुणेनं सांगितलं, उद्या. ती बरं म्हणाली आणि चरवी घेऊन आत गेली, रतिबाला उशीर झाला होता.

त्या उद्याला पेटीकाकांनी खोली शोधायला सुरुवात केली, अण्णांनी दोन दिवस जेवण टाकलं, घरात कुणी मोठ्यानं बोलेना. आईनं परत कधी मागितलं नाही. मी आपणहून म्हटलं नाही. आधी भीतीनं, मग लाजेनं, मग संसार, मुलं, कामं. अण्णांवरचा राग मी सगळ्यांना सांगते, हा कुणाला सांगत नाही, कारण हा माझा माझ्यावरच आहे. शेवटच्या आजारात आई दवाखान्यात होती, मी तिच्या खाटेशी बसलेली. एक सिस्टर केसपेपर घेऊन दारात आली आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी ओरडली, "अनसूयाबाई कोण?" आई उशीवरनं उठून बसली. अंगात त्राण नसताना उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "म्या हाय." त्या मुलीला फक्त गोळ्या द्यायच्या होत्या. गोळ्या देऊन ती गेली. आई कितीतरी वेळ तशीच बसून होती, माझ्याकडे बघत. तेव्हा तरी मी ते शेवटलं म्हणायला हवं होतं. घसा चांगला होता माझा त्या दिवशी.